उत्तरार्ध पाहू नये

गेल्या महिन्यात मी एक न पाहिलेला सिनेमा जाहीरपणे पाडला. आमची मुलगी मुक्ता नोकरीसाठी हैदराबादला असते. तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "आई-बाबा, हा सिनेमा बघाच. भीती वाटते, हसू येतं, आणि शेवटी रडायला पण येतं." शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, लगेच म्हणाली, "जाऊ या का हो?" आता सिनेमा म्हणजे मॉल, मॉल म्हणजे ऑटो, ऑटो म्हणजे बनारसच्या गल्ल्यांतून मैदागिनच्या चौकापर्यंत पायी आणि मैदागिनला जाम. हे सगळं एका क्षणात माझ्या गुडघ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी चष्मा लावला आणि एका अंगठ्याने अकरा ओळींचं परीक्षण टाइप केलं. पूर्वार्ध बरा आहे, कॅमेरा बोलतो वगैरे. पण उत्तरार्ध बिघडला आहे. भुताला शेवटी विहिरीत बंद करायचं ही कल्पना आता शिळी झाली. तिकडे न फिरकलेलं बरं. मिनिटभरात मुक्ताचं उत्तर आलं, "बाबा, ह्यात विहीरच नाहीये. तुम्ही कधी बघितला?" आणि त्यापुढे लोळून हसणारे सात पिवळे चेहरे. मी मोजले.

शैला सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून आपल्या फोनवर तेच वाचत होती. "अहो, मंगळवारपासून तुम्ही दाढीलासुद्धा बाहेर पडलेले नाही आहात," ती म्हणाली. हसली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "पण एक सांगा. न बघता काहीही ठोकायचं होतं, तर 'उत्तरार्ध बिघडलाय' हेच कसं आलं तोंडात?" मी म्हटलं, डोकं दुखतंय, आणि गच्चीवर गेलो. डोकं दुखत नव्हतं. ते वाक्य कुठून आलं ते मला चांगलं माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात, हरभऱ्याच्या डाळीच्या परातीसमोर, ते मी पहिल्यांदा उच्चारलं होतं. त्या वेळी ते एकाच माणसासाठी होतं आणि त्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला होता.

त्या घरात आम्ही चौघं होतो. अण्णा, आई, मी आणि अण्णांची धाकटी बहीण बनूआत्या. अण्णा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून काशीला येणारे यजमान आमच्याकडेच उतरत, आमच्याकडेच जेवत, आणि त्यांची गंगापूजनं, श्राद्धं अण्णा करवीत. यजमान म्हणजे आठ-दहा माणसं असली तर शांत दिवस. तीस-पस्तीस असली की जिन्यावरसुद्धा बिछाने. एवढ्या सगळ्यांचा स्वयंपाक बनूआत्या करी. आई मदतीला असे, पण चूल आत्याची. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं हे घरात कुणी बोलत नसे आणि मी कधी विचारलं नाही. माझ्या लेखी ती जन्मतःच आत्या होती. उंच, रुंद खांद्यांची, नऊवारी गुडघ्याच्या किंचित खालीच नेसणारी, आणि हसायला लागली की खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर ऐकू जाईल असं हसणारी. सकाळी वरच्या मशिदीतून अजान येई, खाली घाटावर ओल्या धोतरांचे फटके दगडावर पडत, कुणीतरी नावाडी दुसऱ्या नावाड्याच्या आईबहिणीची चौकशी करी, आणि ह्या सगळ्यात आत्याच्या वरवंट्याचा घरघर आवाज. मला अजूनही मिक्सर सुरू झाला की उगाच वाटतं, हा काही खरा आवाज नाही.

दुपारी यजमानांची जेवणं उरकली की अण्णा घरातल्या चौकात बसून बायकांना काशीखंड सांगत. कथा संपली की फलश्रुती. हा अध्याय जो ऐकेल त्याला अमुक मिळेल, जो दुसऱ्याला ऐकवील त्याला तमुक. बायका डुलक्या घेत असल्या तरी फलश्रुतीला हटकून जाग्या होत. ते पाहत मी वाढलो, त्यामुळे गोष्ट कुठलीही असो, तिच्या शेवटी फलश्रुती असते असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कॉलेजात गेल्यावर मला सिनेमाचं वेड लागलं. अण्णांनी जन्मात सिनेमाघराची पायरी चढली नव्हती, आई लग्नाआधी एकदा कसलासा देवाचा सिनेमा पाहून आली होती, आणि आत्याने सिनेमा म्हणून जे पाहिलं होतं ते चौकात चिकटवलेलं पोस्टर. मी खेळ पाहून आलो की हातपाय धुऊन थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो. सोवळ्यामुळे आत यायची परवानगी नव्हती. आत्या मागचं आवरता आवरता म्हणे, "हं, दिग्या, सांग. आज भुताचा, रडका की हसरा?"

सिनेमाचे तेवढे तीनच प्रकार तिला मान्य होते. मी तिथून, उंबऱ्यावरून, अण्णांच्या थाटात सिनेमा सांगायचो. घोड्यांच्या टापांचे आवाज, खलनायकाचं हसणं, नायिकेचे हुंदके, सगळं. आणि शेवटी हात जोडून फलश्रुती: "हा सिनेमा जो पाहील त्याला तीन दिवस जेवण जाणार नाही, आणि चौथ्या दिवशी तो शेजाऱ्याच्या पानातलंही जेवील." आई तोंडाला पदर लावी. आत्या पदर वगैरे लावत नसे. ती भिंतीला टेकून हसे आणि खालच्या मजल्यावरचे यजमान विचारत, काय झालं हो?

पण खरी परीक्षणं तिचीच असत, हे मला फार उशिरा कळलं. रडके सिनेमे तिला पटत नसत. "सून तीन तास रडली म्हणतोस. मग स्वैपाक कुणी केला?" हसऱ्या सिनेमात कुणी धपकन पडलं की ती हळहळे, "पाठीला लागलं असेल रे, हसता काय मेल्यांनो!" आणि भुताचा सिनेमा म्हणजे तिची पर्वणी. ती जराही भ्यायची नाही. तिचे आक्षेप व्यवहारी असत. "पांढरीशुभ्र साडी नेसून हिंडते म्हणतोस. धुते कोण? सोड्याशिवाय एवढी पांढरी राहते होय?" आणि सगळ्यांत मोठा आक्षेप शास्त्राचा: "एवढे तीन तास धावपळ कशाला? हिला पिशाचमोचन कुंडावर आणा म्हणावं. आमच्या अण्णांकडून त्रिपिंडी श्राद्ध करवा, जेवायला या, मी वाढते. संध्याकाळच्या गाडीने मोकळे! ह्या मुंबईवाल्यांना काही ठाऊकच नाही रे." काशीत राहणाऱ्या बाईला भुताची गोष्ट ही मुळात एक अडकून पडलेलं काम वाटायची. मी पुढे आयुष्यात पुष्कळ परीक्षणं वाचली. एवढं मुद्द्याचं कुणी लिहिलेलं नाही.

कार्तिकात घरात पाय ठेवायला जागा नसे. पंचगंगेवर बांबूंच्या टोकांना आकाशदिव्यांच्या टोपल्या वर चढत, महिनाभर स्नानाला येणाऱ्या बायकांची रीघ लागे, आणि आत्याच्या चुलीला विसावा नसे. पौर्णिमा झाली की एका दिवसात सगळं ओसरे. त्यानंतरचे सात-आठ दिवस म्हणजे आत्याला वर्षातून एकदाच मिळणारी सुट्टी. तीसुद्धा ती डाळी निवडण्यात घालवी. त्या वर्षी नेमका त्याच आठवड्यात तो सिनेमा लागला होता.

नाव सांगत नाही. सांगून कुणाला आठवेल असाही तो नव्हता. एक जुनी हवेली, तिथे भाड्याने राहायला आलेलं एक मोठं खटल्याचं कुटुंब. रोज सकाळी उठावं तो स्वयंपाकघरात गरम जेवण तयार. कुणी केलं, पत्ता नाही. कुटुंबाबरोबर आलेला एक महाभित्रा स्वैपाकी, पहिल्या दिवशी पळून जातो, आणि बाहेर कुत्र्याला भिऊन परत येतो. हसून हसून पोट दुखेल असा पूर्वार्ध. मग मध्यंतराच्या आधी कळतं की हे सगळं करणारं भूत म्हणजे त्या हवेलीचीच कधीकाळची सून. जन्मभर चाळीस माणसांना रांधून घालणारी. तिची सावली चुलीसमोर उभी राहते, भांडी हलतात, आणि पडद्यावर 'मध्यांतर'.

मी तो पहिल्याच दिवशी मित्रांबरोबर पाहिला. घरी येऊन उंबऱ्यावर बसलो, मध्यंतरापर्यंत आलो, आणि पुढचं सांगायला तोंड उघडतो तो आत्याने पिठाचा हात वर केला. "थांब," ती म्हणाली. "पुढचं सांगू नकोस. पुढचं मी बघीन."

"कुठे बघशील?" मी मूर्खासारखं विचारलं.

"कुठे म्हणजे? सिनेमात. तू नेशील की नाही?"

मी आईकडे पाहिलं. आई डब्यात पाहत होती. मला खात्री होती की अण्णा नाही म्हणतील, म्हणून मी उदारपणे म्हटलं, "नेईन की! अण्णांना विचार." आणि तिने विचारलं. त्याच दिवशी, अण्णांना मेतकूट-भात वाढताना, पंचेचाळिशीची बाई एखाद्या मुलीसारखी, पळी हातात धरून म्हणाली, "अण्णा, मी एक सिनेमा बघून येऊ का? दिगू आहे बरोबर." अण्णा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "भुताचा आहे ना? मग जा. काशीत कसली भीती." आणि थोड्या वेळाने, पानाकडेच पाहत, "आजवर कधी काही मागितलं नाहीस तू. गुरुवारी दिगूबरोबर जाऊन ये." शुक्रवारी सिनेमा बदलायचा होता.

आता मला कसली अडचण होती ते सांगतो. लिहिताना अजून कान गरम होतात. माझे मित्र सगळे पक्के बनारसी. त्यांच्यात मी 'दिगम्बर गुरू' होतो. पान खायचो, त्यांच्यासारखं बोलायचो, आणि घरी आपण मराठी बोलतो ही गोष्ट शक्यतो गल्लीच्या तोंडाशीच काढून ठेवायचो. एकदा आत्या कुठल्याशा यजमान बायकांना विंध्याचलच्या बसपर्यंत पोचवायला चौकात आली होती. कासोटा, डोक्यावर पदर नाही, हातात दोन पिशव्या, तरातरा चाललेली. माझा मित्र मुन्ना म्हणाला, "का गुरू, ई केकर बुआ हौ? धोती बाँध के चलेली, एकदम मर्दाना!" म्हणजे, ही कुणाची आत्या, धोतर नेसून चालते! सगळे हसले. मीही हसलो. एवढंच नाही, मी म्हणालो, "होई केहू दक्खिनी तीर्थयात्री." असेल कोणी दक्षिणेतली यात्रेकरू! आत्याने मला पाहिलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तिने हाक मारली नाही एवढं खरं.

आणि हा मुन्ना त्या सिनेमाघराच्या गेटकीपरचा भाचा. त्यामुळे आमचं टोळकं तीनच्या खेळाला रोज तिथेच पडीक. म्हणजे गुरुवारी मी आत्याला घेऊन गेटातून आत शिरणार, मुन्ना तिला ओळखणार, आणि 'दक्खिनी तीर्थयात्री' माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. बसून गप्प राहणार का? भूत दिसलं की 'धुते कोण' म्हणून मराठीत विचारणार, आणि मग हसणार. ते हसू! बाल्कनीपासून पडद्यापर्यंत सगळ्या माना मागे वळतील असं ते हसू.

इकडे घरात गुरुवारची तयारी सुरू झाली होती. सोलापूरच्या एका यजमानीणबाईंनी आत्याला जांभळ्या रंगाची इरकली नऊवारी दिली होती. चार वर्षं ती ट्रंकेत होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ती बाहेर निघाली. तांब्यात निखारे घालून आत्याने पदराची सुरकुती काढली आणि पुन्हा घडी घालून उशाला ठेवली. जाता-येता मला प्रश्न. "दिग्या, तिथे पाट असतो का खुर्ची?" "चपला बाहेर काढायच्या का?" "अंधारात आपली जागा सापडते कशी रे?" "मध्ये पोटात कळमळलं तर? मी चार लाडू घेते बरोबर. तुझ्या मित्रांना पण होतील." मुन्नाच्या हातावर आत्या लाडू ठेवते आहे, हे मला तिथल्या तिथे दिसलं. त्यात ती शेजारच्या गच्चीवरच्या पांडे वहिनींनाही सांगून बसली, "गुरुवार को हम सिनेमा जाएँगे, हमारा दिगू ले जा रहा है." वहिनी म्हणाल्या, आम्हीही रविवारी हाच बघायला जाणार आहोत बुआजी, शुक्रवारपासून तो दुसऱ्या सिनेमाघरात लागतोय. मी ते ऐकलं होतं. तेव्हा त्यातला धोका ध्यानात आला नाही. खोटं बोलणारा माणूस जितका हुशार असायला हवा तितका मी कधीच नव्हतो.

बुधवारी दुपारी आत्या हरभऱ्याची डाळ परातीत घेऊन निवडत होती. मी उंबऱ्यावर बसलो. चेहरा गंभीर केला. म्हटलं, "आत्या, मी काल पुन्हा पाहून आलो गं. नीट पाहिला. उद्या नको जाऊ या."

"का रे?"

"उत्तरार्ध बिघडलाय."

"बिघडलाय म्हणजे?"

"म्हणजे पुढे सगळं अचकटविचकट आहे. कपड्यांचंही काही बरं नाही." हे आत भाजी चिरत बसलेल्या आईच्या दिशेने. आईचा हात लगेच थांबला. "आणि शेवट तर अगदीच वाईट."

आत्या डाळीतला एक खडा बोटांत धरून बसली होती. म्हणाली, "वाईट तर वाईट. काय होतं शेवटी?"

मी शेवट तयार करून आणला नव्हता. तो तिथेच बसून रचला. म्हटलं, एक मांत्रिक येतो. मंत्र म्हणतो, त्या सुनेला चुलीतून ओढून काढतो, झाडाला खिळे ठोकून बांधतो आणि हवेलीला आग लावतो. ती ओरडत जळून जाते. संपला. आणि मग सवयीने हात जोडून फलश्रुती म्हटली: "इति. ह्याचा पूर्वार्ध जो ऐकेल त्याला पुण्य. उत्तरार्ध पाहू नये."

कुणी हसलं नाही. आत्याने खडा बाजूला टाकला. पुन्हा डाळीत बोटं फिरवली. मग विचारलं, "म्हणजे एवढी माणसं होती घरात. तिला जेवायला कुणीच नाही वाढलं?"

मी म्हटलं, "नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही गं आत्या. सांगितलं ना."

"बरं," ती म्हणाली. "मग कशाला बघायचं? नाहीतरी उद्या डाळ उन्हात घालायचीय." आणि संध्याकाळी मी पाहिलं, ती साडी ट्रंकेत परत गेली होती. वर कडुलिंबाचा पाला घातला होता.

आता खरा शेवट सांगतो, कारण तो मी आत्याला सोडून जगात सगळ्यांना सांगितला आहे. तो भित्रा स्वैपाकी, जो दोन तास आम्हाला हसवत असतो, तो एके दिवशी थरथरत चुलीसमोर पान मांडतो. भोवती रांगोळी काढतो. ती त्याच्या हातून वाकडी होते, आणि हॉल हसतो. मग तो सगळं वाढतो, तिनेच केलेलं, मीठ-लिंबासकट. आणि हात जोडून रिकाम्या पाटाला म्हणतो, "बसा वहिनी. आज मी वाढतो." पडद्यावर बराच वेळ काही होत नाही. नंतर दिसतं ते रिकामं पान. ती गेलेली असते. भूत, विनोद आणि रडं ही एका सिनेमात कालवू नयेत, काहीच धड होत नाही, असं जे शहाणे लोक म्हणतात त्यांच्या पंक्तीत मी बसत नाही, ते त्या पानामुळे. त्या एका क्षणाला मी एकाच वेळी भ्यालो होतो, हसलो होतो आणि रडलो होतो, आणि मुन्नाला दिसू नये म्हणून बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो होतो. माझ्या पायात चपला होत्या.

जगात एका माणसासाठी कुणी सिनेमा काढला असेल, तर तो आत्यासाठी काढला होता. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, चुलीपाशी, उभ्यानेच पुष्कळदा, हातात वाटी घेऊन. आम्ही कुणी कधी तिला वाढलं नाही. आम्हाला ते सुचलंच नाही. आणि ज्याने ते सुचवलं असतं त्या सिनेमाचा शेवट मी माझ्या हाताने जाळून टाकला, गेटवर मुन्ना हसेल म्हणून.

पुढच्या सोमवारी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उन्हात बसून पुस्तक वाचत होतो. आत्या डाळ पसरत होती. पलीकडच्या गच्चीवर पांडे वहिनी कपडे वाळत घालायला आल्या. आमच्या गच्च्यांमध्ये हातभर अंतर. बोलायला आवाज चढवावा लागत नाही. वहिनी म्हणाल्या, "बुआजी, देख आए हम भी! अरे, क्या पिक्चर है! आख़िर में ऊ डरपोक महाराज जब थाली लगाता है न, हाथ जोड़ के बोलता है, बैठिए भौजी, आज हम परोसेंगे... हमको तो आँचल मुँह में दबाना पड़ा. पूरा हॉल रो रहा था. और कितना साफ़-सुथरा, बच्चों को भी दिखा दो. आपको कैसा लगा?"

मी टाकीमागे श्वास धरून बसलो. खाली घाटावर कुणीतरी नाव ढकलत होतं. आत्याचा हात डाळीवर होता तिथेच राहिला. मला वाटलं, आता ती म्हणेल, कुठली थाळी? कोण वाढतो? आणि वहिनी सगळं पुन्हा सांगतील.

आत्या म्हणाली, "हाँ हाँ बहू, मालूम है. हम जा नहीं पाए, काम निकल आया. पर हमारे दिगू ने सब बताया था. इतना अच्छा बताया कि देखने की ज़रूरत ही नहीं पड़ी."

"थाली वाला भी?"

"थाली वाला भी."

मग ती रिकामी परात घेऊन वळली, आणि टाकीमागून बाहेर आलेले माझे पाय तिला दिसले. ती थांबली. मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी आज हे प्रकरण लिहीत बसलो नसतो. ती म्हणाली, "दिगू, खाली ये. पोहे केलेत. गार होतील." दिग्या नाही, दिगू. त्यानंतर तिने मला पुन्हा कधी 'दिग्या' म्हटलं नाही.

सिनेमे मी पुढेही सांगितले. तीही ऐकायची, हसायची, धुते कोण म्हणून विचारायची. पण गोष्ट संपत आली आणि मी फलश्रुतीसाठी हात जोडले की उठून जायची. म्हणायची, "ते राहू दे आता, दूध उतू जाईल." चुलीवर दूध नसायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर मी फलश्रुती म्हणणंच सोडलं. मी अनेकदा ठरवलं की तिला सिनेमाला न्यायचं. नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर. पण नेण्यासाठी आधी काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते बोलायचं टाळण्यात वर्षं कशी जातात ते ज्याने टाळलंय त्यालाच कळेल. मग घरात टीव्ही आला, ते सिनेमाघर पडून तिथे लग्नाचा हॉल झाला, आणि एका माघात आत्या गेली. सर्वपित्रीला तिच्या नावाचं पान मी स्वतः वाढतो. मीठ-लिंबासकट. 'बसा' हा शब्द मात्र अजून तोंडातून निघत नाही. एवढं सगळं होऊन गेल्यावर तो माझ्या तोंडी शोभणार नाही असं वाटतं.

तर त्या दिवशी, मुक्ताच्या सात पिवळ्या चेहऱ्यांनंतर, मी गच्चीवरून खाली आलो तेव्हा शैला मटार सोलत बसली होती. संध्याकाळी मटार वाटून निमोना करायचा होता. मी समोर बसलो, चार शेंगा हातात घेतल्या, आणि तिला हे सगळं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हे सांगितलं नव्हतं. तिने मध्ये एकदाच तोंड उघडलं. "नंतर कधी नेलंत का त्यांना?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. सगळी टोपली संपवली.  मग टरफलं ओच्यात गोळा करत ती उठली.

"ती जांभळी इरकल माझ्या कपाटात आहे," ती म्हणाली. "आत्यांनी मला दिली तेव्हा म्हणाल्या होत्या, सूनबाई, सिनेमाला जाशील तेव्हा हिची घडी मोड. मी मनात म्हटलं, सिनेमाला नऊवारी कोण नेसतं? आणि ठेवून दिली. उद्याच्या तीनच्या खेळाची दोन तिकिटं काढा. आणि हे बघा, मला हसू आलं तर मी दाबणार नाहीये."